श्वानपिल्लांतील आध्मान : हेतुविचार व औषधयोजनेच्या मर्यादा

औषधालयाच्या खिडकीपाशी हल्ली एक नवी विचारणा ऐकू येते. "पिल्लाचे पोट फुगले आहे, फार वायू सरतो, लसूणादी वटी देऊ का?" माणसाला उपयोगी पडणारे औषध पाळीव प्राण्यालाही चालेल, असा समज यामागे असतो. हा समज पिल्लाच्या जिवावर बेतू शकतो. म्हणून प्रस्तुत विषयाचा थोडक्यात परामर्श घेत आहे.

पशुचिकित्सा आपल्या परंपरेस अपरिचित नाही. अश्वांसाठी शालिहोत्र, तर हत्तींसाठी पालकाप्य यांची नावे सर्वश्रुत आहेत. प्रत्येक प्राणिजातीसाठी स्वतंत्र शास्त्र रचले गेले, यातच जातिभेदाने सात्म्यभेद होतो हे तत्त्व अनुस्यूत आहे.

हेतू

१) दुग्धपान : आईचे दूध तुटल्यावर पिल्लाची दुग्धशर्करा पचविण्याची शक्ती उतरत जाते. त्यातच गाईच्या दुधात कुत्रीच्या दुधापेक्षा ही शर्करा अधिक असते. न पचलेली शर्करा मोठ्या आतड्यात आंबते. परिणामी वायू व द्रवमलप्रवृत्ती उद्भवते.

२) त्वरित भोजन : एका ताटलीत अनेक पिल्ले खात असल्यास प्रत्येक जण घाईने गिळतो व अन्नासह हवाही पोटात जाते.

३) असात्म्य व विषमाशन : आहारातील आकस्मिक बदल, घरातील उष्टे, तळलेले पदार्थ, कडधान्ये, कोबी.

४) कृमी : गोलकृमींचा संसर्ग गर्भावस्थेतच आईकडून होऊ शकतो. उदर घटासारखे, अंग मात्र कृश व केस निस्तेज, हे चित्र दिसल्यास प्रथम कृमींचा विचार करावा. हे कृमी माणसालाही बाधतात. घरात लहान मुले असल्यास हात धुण्याविषयी व विष्ठेच्या विल्हेवाटीविषयी अवश्य सांगावे.

उपाययोजना

निदानपरिवर्जन हीच येथे मुख्य चिकित्सा होय. दूध बंद करावे; स्वच्छ पाणी सदैव उपलब्ध ठेवावे. दिवसाचे अन्न तीन-चार भागांत विभागून, प्रत्येक पिल्लास स्वतंत्र भांड्यात द्यावे. किरकोळ तक्रारीत एक-दोन दिवस मऊ भात व मीठ-मसाला-कांदाविरहित उकडलेले कोंबडीचे मांस अल्प प्रमाणात पुरेसे ठरते.

आहार बदलताना चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात वर्णिलेला पादांशिक क्रम अत्यंत उपयुक्त आहे. नवे अन्न प्रथम एक चतुर्थांश, मग निम्मे, मग तीन चतुर्थांश, असे सात ते दहा दिवसांत वाढवावे. आधुनिक पशुवैद्यकही हाच क्रम सांगते.

कृमिघ्न औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्याने, वजनानुसार द्यावे. सामान्यतः दुसऱ्या आठवड्यापासून आठव्या आठवड्यापर्यंत दर पंधरवड्यास व पुढे सहा महिन्यांपर्यंत दरमहा ते देण्याचा प्रघात आहे.

वर्ज्य द्रव्ये

लसूणादी वटी : लसूण व कांदा यांमुळे श्वानाच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. लक्षणे काही दिवसांनी प्रकटतात. हिरड्या पांढुरक्या पडतात, मूत्र गडद होते.

द्राक्षासव : द्राक्षे व मनुका यांमुळे श्वानाचे वृक्क निकामी होऊ शकतात. शिवाय सर्वच आसवारिष्टांत मद्यांश असतो व तो पिल्लास सोसत नाही.

शंखवटी : यात वत्सनाभ व कज्जली असल्याने ती देऊ नये.

बाळघुटी : तीतील जायफळ श्वानास अपायकारक आहे.

हिंग्वाष्टक चूर्णात सैंधव व तीक्ष्ण द्रव्ये असल्याने मानवी मात्रेच्या अनुमानाने ते देणे योग्य नव्हे. नाभीवर हिंगाचा लेप केल्यास पिल्लू तो चाटून टाकते. म्हणजे तो पोटातच जातो.

तातडीची लक्षणे

पोट ताणून ढोलासारखे होणे, ओकारीचे उमाळे येऊनही काही न पडणे, लाळ गळणे व अस्वस्थता ही जठर फुगून पिळवटल्याची लक्षणे असू शकतात. खोल छातीच्या थोराड जातींत व प्रौढ श्वानांत ही अवस्था विशेषत्वाने आढळते; तेथे तासांचा विलंबही घातक ठरतो. वांती, रक्तमिश्रित दुर्गंधी अतिसार व ग्लानी असल्यास पार्वो विषाणूची शंका घ्यावी. अशा वेळी कोणतेही पाचक न देता रुग्ण त्वरित पशुवैद्यकाकडे पाठवावा.

समारोप

भारतीय पशुवैद्यकीय परिषद अधिनियम, १९८४ अन्वये पशुचिकित्सेचा व्यवसाय नोंदणीकृत पशुवैद्यकांकडे सोपविलेला आहे. आपले कर्तव्य आहाराविषयी विवेकपूर्ण सल्ला देणे व अपायकारक औषध हातून न जाऊ देणे, एवढेच. औषधविक्रेत्या बंधूंनी वटी मागणाऱ्या ग्राहकास "कोणासाठी हवी?" हा एक प्रश्न आवर्जून विचारावा आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा दूरध्वनी क्रमांक गल्ल्यापाशी लावून ठेवावा. वटीची एक डबी कमी विकली जाईल, परंतु एक मुका जीव वाचेल.