वात विचारून घ्या

दिवाळीच्या तोंडावर सोसायटीतल्या बायका माझ्याकडे ग्लासातल्या मेणबत्त्या शिकायला येतात. मेण कुठलं, रंग किती, सुगंध मोगऱ्याचा की चंदनाचा, सगळं खोदून खोदून विचारतात. वात मात्र, "ताई, देवघरातली चालेल ना?"

नाही चालत. समईतलं तेल आधीच पातळ असतं. मेण आधी वितळायचं, वातीतून वर चढायचं आणि त्याची वाफ जळायची. सैल वळलेली वात त्यात उभीच राहत नाही. वेणीसारखी विणलेली सुती वात लागते. ती 1825 साली फ्रान्समध्ये कांबासेरेस यांनी काढली. जळताना तिचं टोक वाकून ज्योतीबाहेर येतं आणि जळून जातं. त्याआधी लोक सारखी कात्री घेऊन बसत.

"जाड घेतली म्हणजे छान जळेल" हा दुसरा गैरसमज. शेजारी हळदीकुंकवाच्या वाणात असाच एक ग्लास आला होता. ज्योत दोन बोटं उंच, टोकाला काजळीचं बोंड, काठ काळा. बोलता बोलता टणकन तडा गेला आणि मेण टीपॉयवरून थेट चटईवर! नशीब, जवळ पोर नव्हतं.

वात ठरते ग्लासाच्या आतल्या रुंदीवर. उंचीचा संबंध नाही. मधमाश्यांच्या मेणाला पॅराफिनपेक्षा जाड वात लागते. सुगंधी तेल वाढवलं की वात तुंबते, म्हणून तेल बदललं की वातही पुन्हा तपासायची. ग्लास फारच रुंद असेल तर एका जाड वातीऐवजी दोन बारीक बऱ्या.

दुकानदार वातीचा नंबर सांगेल, तो फक्त सुरुवातीला. एकाच मापाच्या तीन ग्लासांत तीन नंबर लावा. सोयाचं मेण आठ-दहा दिवस मुरू द्या. मग वात सहा मिलिमीटर ठेवून कापा, पंखा बंद करा, पेटवा आणि जवळच बसा. तीन-चार तासांत मेण काठापर्यंत, साधारण सेंटीमीटरभर खोल वितळलं तर तोच नंबर. मधेच विहीर पडली तर वात बारीक.

अशी विहीर पडलेली मेणबत्ती टाकू नका. काठावर अ‍ॅल्युमिनियम फॉइल गुंडाळून मध्ये ज्योतीपुरती जागा उघडी ठेवा, कडेचं मेण वितळून सपाट होतं. जाड वातीला मात्र असा उपाय नाही. मेण वितळवून नव्यानं ओतायचं.