आरोग्यविमा : खर्च की आधार?

आजार सांगून येत नाही. तो आला की उपचारांसाठी अनेक कुटुंबांना दागिने मोडावे लागतात किंवा कर्ज काढावे लागते. हा भार अनेकांनी मिळून उचलावा, हे आरोग्यविम्याचे मूळ तत्त्व आहे. पुष्कळ लोक दरवर्षी हप्ता भरतात आणि त्यांच्यापैकी जे आजारी पडतात, त्यांचा खर्च त्या निधीतून भागविला जातो.

भारतात १९८६ मध्ये सरकारी विमा कंपन्यांनी 'मेडिक्लेम' योजना आणली. २००० मध्ये हे क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले झाले. तरीही ग्राहक दीर्घकाळ उदासीन राहिला. 'आजारी पडलो नाही, तर हप्ता वाया जाईल', अशी शंका त्याच्या मनात असे. बचतीच्या विम्यात मुदतीअखेर रक्कम परत मिळते. आरोग्यविम्यात मिळते ते वर्षभराचे संरक्षण. हा भेद पुरेसा समजला नव्हता. अनेक नोकरदार कार्यालयाच्या सामूहिक विम्यावर विसंबतात. परंतु नोकरी सुटली की ते छत्रही सहसा नाहीसे होते.

२०२० मधील कोविडच्या साथीने ही वृत्ती बदलू लागली. रुग्णालयांची बिले पाहून अनेक कुटुंबे विम्याकडे वळली. त्याच वर्षी समान अटी असलेली 'आरोग्य संजीवनी' पॉलिसी उपलब्ध झाली. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर रद्द झाला.

तथापि, केवळ हप्ता भरल्याने ग्राहक सुरक्षित होत नाही. हप्ता वाढेल या भीतीने काही जण मधुमेह किंवा रक्तदाब लपवितात. २०२४ च्या नियमांनुसार आधीपासून असलेल्या आजारासाठी प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त तीन वर्षे ठेवता येतो. आजार सांगणाऱ्याला काही काळ थांबावे लागते; लपविणाऱ्याचा दावा मात्र ऐन संकटात नाकारला जाऊ शकतो. म्हणून अर्ज स्वतः वाचून, खरी माहिती देऊनच सही करावी. अटी पसंत नसल्यास पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. दावा अन्यायाने नाकारला गेल्यास प्रथम कंपनीकडे व तेथे समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते.

जाणकार ग्राहकालाच विम्याचा खरा आधार मिळतो.

पाठगत प्रश्न
१. बचतीचा विमा आणि आरोग्यविमा यांतील फरक स्पष्ट करा.
२. आजार लपविणे ग्राहकाच्याच हिताविरुद्ध का ठरते?