कोरा कागद आणि रद्दीचा कागद

शाळेतील वही, ग्रामपंचायतीचा दाखला, कचेरीतील फाईल यांपैकी काहीही कागदावाचून होत नाही. छपाईचा कागद प्रामुख्याने दोन मार्गांनी बनतो: थेट लाकूड वा बांबूपासून, अथवा रद्दीपासून. या दोहोंपैकी कोणता मार्ग निसर्गास कमी भारभूत होतो, हे जाणून घेणे अगत्याचे आहे.

लाकडाचे वा बांबूचे तुकडे रसायनांत शिजवून लगदा करतात. लाकडाचा सुमारे निम्माच भाग तंतुरूपाने हाती येतो. म्हणजे एक टन लगद्यास दोन टन वा त्याहून अधिक सुके लाकूड लागते. लगदा शुभ्र करताना निघणारे सांडपाणी नीट शुद्ध केले नाही, तर नदीतील जीवसृष्टीस अपाय होतो.

याचे जवळचे उदाहरण गोवा व बेळगाव यांच्या शेजारचेच आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यात काळी नदीकाठी दांडेली येथे १९५५ साली स्थापन झालेल्या कागद गिरणीस सभोवतालच्या अरण्यातील बांबू मिळू लागला. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी १९७० नंतरच्या दशकात या बांबूवनांचा अभ्यास केला. तोडीच्या सोयीसाठी बेटांच्या बुडाशी असलेले काटेरी कुंपण साफ केले जाई. त्यामुळे कोवळे कोंब गुरांच्या व वन्य प्राण्यांच्या तोंडी पडत आणि बेटे ओसाड होत, असे त्यांना दिसून आले. आज देशातील लाकडावर चालणाऱ्या गिरण्या बव्हंशी शेतात लावलेल्या निलगिरी, सुबाभूळ व सुरू यांच्या लाकडावर अवलंबून आहेत.

रद्दीचे तंतू मुळात सुटे केलेलेच असल्याने त्यांस पुन्हा शिजवावे लागत नाही. ती पाण्यात घोळून टाचण्या, गोंद व शाई वेगळी केली की लगदा तयार होतो. त्यामुळे लाकूड तर वाचतेच, शिवाय एकूण ऊर्जा व पाणीही सामान्यतः कमी लागते. कचऱ्यात कुजणाऱ्या कागदापासून निघणारा मिथेन वायूही टळतो.

तथापि हा मार्ग सर्वस्वी निर्दोष नव्हे. शाईमिश्रित गाळाची विल्हेवाट लावावी लागते. लाकडाच्या गिरणीत शिजवणीचा काळा द्राव जाळून वाफ व वीज मिळते. रद्दीच्या गिरणीस ही सोय नसल्याने बहुधा कोळशाचा आधार घ्यावा लागतो. शिवाय दर फेरीत तंतू आखूड होत जातात व पाच-सात फेऱ्यांनंतर निरुपयोगी ठरतात. म्हणून कोऱ्या लगद्याची भर घालावीच लागते.

सारांश, रद्दीचा कागद एकंदरीत कमी भारभूत होय. परंतु त्याचा दर्जा रद्दीच्या स्वच्छतेवर अवलंबून असतो. भिजलेला, तेलकट वा प्लास्टिकचा थर दिलेला कागद छपाईच्या कागदासाठी बहुधा उपयोगी पडत नाही. यास्तव शाळांनी व कचेऱ्यांनी रद्दी कोरडी व वेगळी ठेवावी, आणि तत्पूर्वी प्रत्येक कागदाच्या दोन्ही बाजू वापराव्यात. जो कागद खर्चच झाला नाही, त्यासाठी ना झाड तोडावे लागते, ना कोळसा जाळावा लागतो.