सोनारानेच कान टोचावेत

माझ्या दोन आवडी घरात कुणालाच पसंत नाहीत. एक, १९७० च्या सुमाराचे रॉक संगीत आणि त्यातला सिंथेसायझर. दुसरी, कानाला एकाहून अधिक भोके पाडून घेण्याची हौस. "आमचे कान किटले, आता तुझे फाटायचे तेवढे राहिलेत," असे आजी म्हणते. दोन्ही विषय कानाचेच, म्हणून प्रस्तुत लेखात त्यांचा एकत्र विचार करावयाचे योजिले आहे.

सिंथेसायझर म्हणजे विजेपासून स्वर घडविणारे वाद्य. अमेरिकेतील रॉबर्ट मूग यांनी १९६४ साली आपल्या वाद्यात विजेच्या दाबाने स्वराची उंची ठरविण्याची सोय केली. दाब एका व्होल्टने वाढला की स्वर एक सप्तक चढतो. ऑसिलेटर कच्चा नाद देतो, फिल्टर त्यातले नको ते उपस्वर गाळतो, आणि नाद कसा उमटावा व कसा विरावा हे तिसरा भाग ठरवितो. सोनार लगडीचा दागिना घडवितो, तसाच हा प्रकार! १९७० च्या ‘लकी मॅन’ या गाण्याच्या शेवटी कीथ इमर्सनने वाजविलेला मूग मी प्रथम ऐकला आणि त्या रात्री मला झोप आली नाही.

हे सारे परदेशी खूळ, असे वडील म्हणतात. परंतु अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ सालीच मूग आला होता व गीता साराभाई आदी मंडळींनी त्यावर प्रयोग केले होते. १९७१ साली आपल्या मळवलीला ‘स्नेहयात्रा’ हा रॉक संगीताचा मेळावा भरला होता. मला सर्वांत मोलाचे वाटते ते मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील वादक चरणजित सिंग यांचे काम. १९८२ साली त्यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रे एकत्र जुळवून भैरवी, ललित, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजविले. त्यांतील टीबी-३०३ हे यंत्र मुळात बास गिटारची उणीव भरून काढण्यासाठी केलेले. पण एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची त्याची खोड आपल्या मींडेच्या जवळची निघाली. ती तबकडी तेव्हा फारशी खपली नाही. २०१० साली ती पुन्हा निघाली, तेव्हा जगभरचे रसिक चकित झाले. शिकागोत याच यंत्रावर ‘अ‍ॅसिड हाउस’ संगीत १९८७ च्या सुमारास गाजले, त्याच्या पाच वर्षे आधीचे हे काम!

आता कानाकडे वळू. कर्णवेध हा आपल्या सोळा संस्कारांपैकी एक. सुश्रुतसंहितेत त्याचा विधी दिला आहे. बाळ सहा-सात महिन्यांचे झाले की त्याला मांडीवर घेऊन खेळण्यांत रमवावे, पाळी उन्हात धरावी, जिथून प्रकाश आरपार दिसेल तिथेच हळूच सरळ टोचावे. रक्त फार आले किंवा फार दुखले, तर जागा चुकली असे समजावे. पेशवाईतले पुरुष कानाच्या वरच्या भागात भिकबाळी घालीत, हे आपण चित्रांत पाहतोच.

हे सारे मी आधी वाचले असते तर! गेल्या वर्षी मी एका दुकानात बंदुकीसारख्या यंत्राने वरचा कान टोचून घेतला. तिथे हाडासारखी लागते ती कूर्चा. तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. वरच्या पातळ आवरणातून तिचे पोषण होते. बंदुकीची बोथट खुंटी जोराने घुसली की कूर्चा चिरडते, आणि पू झाला तर कानाचा आकारच बिघडू शकतो. माझे तेच झाले. डॉक्टरांनी चीर देऊन पू काढला. दीड महिना हेडफोन लावता आला नाही आणि गॅदरिंगमधला माझा यमन राहून गेला. मित्रांनी तो कार्यक्रम माझ्यावाचून उभा केला. मी मागे उभा राहून ऐकत होतो. कानापेक्षा ते अधिक दुखले.

आजी रागावली नाही. "अरे, सोनारानंच कान टोचावेत म्हणतात ते उगीच का?" एवढेच बोलली, आणि कान बरा झाल्यावर मला सराफ बाजारात घेऊन गेली. तिथल्या म्हाताऱ्या सोनारकाकांनी माझ्यासमोर नवी, बंद पाकिटातली सुई फोडली, पाळीला सोन्याची तार घातली. वरच्या कानाला मात्र त्यांनी हात लावला नाही. "ते वर्षभर राहू दे," म्हणाले.

आपण ही म्हण उपदेशाच्या अर्थाने वापरतो. मला तिच्यात दुसराही अर्थ दिसू लागला आहे. सुई कुठली, यंत्र कुठल्या देशाचे, हा प्रश्न दुय्यम आहे. चरणजित सिंगांच्या हाती जपानी यंत्र होते, पण राग कुठे टोचावा हे त्यांना ठाऊक होते. मी बंदूक पाहिली, हात पाहिला नाही.

माझा कान वरच्या बाजूला किंचित दुमडलेला राहिला आहे. यंदाच्या गॅदरिंगला यमन मीच वाजविणार आहे. आजी पहिल्या रांगेत बसणार म्हणते. कापसाचे बोळे बरोबर आणीन, असेही तिने बजावले आहे!