पंपावरची डोकेदुखी

प्रश्न : मुलगा वडनेर भोलजीजवळ हायवेच्या पेट्रोल पंपावर आहे. रुमाल बांधूनही संध्याकाळी डोकं ठणकतं. धोका आहे का?

उत्तर : आहे, ताई. रुमाल धूळ अडवतो, वाफ नाही. डोकेदुखी मोकळ्या हवेत उतरते; मला खरी काळजी पेट्रोलच्या वाफेतल्या बेन्झीन या विषारी रसायनाची वाटते. बीएस-६ पेट्रोलमध्येही ते १ टक्क्यापर्यंत असू शकतं. वर्षानुवर्षं श्वासातून गेलं, तर हाडांच्या मज्जेत रक्त तयार होणं मंदावतं, रक्ताचा कर्करोगही होऊ शकतो. म्हणून दरवर्षी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी कराच. वारा पाठीशी घेऊन उभं राहावं, नोझल आपोआप बंद झाल्यावर आणखी भरू नये. पेट्रोलने हात तर कधीच धुऊ नयेत! भिजलेले कपडे लगेच बदलावेत. थकवा, हिरड्यांतून रक्त किंवा वारंवार ताप असेल, तर लगेच डॉक्टरांना दाखवा आणि कामाचं स्वरूप सांगा.