‘वार सरकेल वर,’ म्हणाले होते

‘तपासणीला गेली नसेल वेळेवर,’ असं माझ्या माघारी बोलणाऱ्यांना आधी सांगते. मी एकही तारीख चुकवली नाही. फाईल अजून कपाटात आहे, कुणीही येऊन बघावी.

हे माझं तिसरं बाळंतपण. आधीची दोन्ही सीझर. पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत वार खाली, गर्भपिशवीच्या तोंडावर दिसली. मी डॉक्टरांना विचारलं, ‘दोन सीझर झालीत, काही धोका नाही ना?’ मान वर न करता ते म्हणाले, ‘वार सरकेल वर. टेन्शन घेऊ नका.’ पुढच्या प्रत्येक खेपेला वजन, बीपी, गोळ्या. वारेचं नाव नाही.

एकतिसाव्या आठवड्यात रात्री अचानक अंगावरून रक्त गेलं. पोटात दुखत नव्हतं, म्हणून सासूबाई म्हणाल्या, सकाळी बघू. ह्यांनी ऐकलं नाही. ढेबेवाडी फाट्यावरून तडक मोठ्या रुग्णालयात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी डॉप्लर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी केली आणि जुने रिपोर्ट मागितले. पाचव्या महिन्याच्या रिपोर्टवरच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, ‘हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही?’ ओळ इंग्रजीत होती. वार आधीच्या टाक्यांच्या जागी आहे, चिकटली असण्याची शंका आहे, डॉप्लर करावे. अकरा आठवडे मी तो कागद पिशवीत घालून फिरत होते. रक्त बघून रडले नव्हते, त्या ओळीवर रडले.

त्यांनी ह्यांना बसवून सगळं समजावलं. एरवी बाळंतपणानंतर वार आपोआप सुटते. सीझरच्या व्रणावर बसली तर पिशवीच्या स्नायूत रुतू शकते, कधी पार लघवीच्या पिशवीपर्यंत जाते. ती ओढून काढायला गेलं की रक्त थांबत नाही. म्हणून बाळ काढायचं, वारेला हात लावायचा नाही आणि वारेसकट गर्भपिशवी काढायची. हाच सगळ्यांत खात्रीचा मार्ग.

पिशवी वाचवायचीच असेल तर वार आत ठेवून ती विरघळायची वाट बघतात. त्याला महिने लागतात. मध्येच जंतुसंसर्ग किंवा रक्तस्राव झाला तर पिशवी काढावीच लागते, म्हणून रुग्णालय हाकेच्या अंतरावर हवं. पूर्वी वार विरावी म्हणून मेथोट्रेक्सेट हे औषध देत, आता ते देऊ नये असं सांगतात. चिकटलेला भाग लहान असेल तर तेवढाच कापून पिशवी शिवतात. रक्त आटोक्यात ठेवायला काही ठिकाणी जांघेतून नळी घालून रक्तवाहिन्या बंद करतात.

माझी पिशवी काढली. त्याआधी, त्या रात्रीचा रक्तस्राव थांबल्यावर चौतिसाव्या आठवड्यापर्यंत मला ॲडमिट ठेवलं, बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शनं दिली, रक्ताच्या पिशव्या आणि मूत्रविकाराचे सर्जन तयार ठेवले. मुलगी काचेच्या पेटीत राहिली, आता छान आहे.

घरी आल्यावर आधीच्या डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, ‘रिपोर्टमध्ये लिहिलं होतं की. तुम्ही वाचायला हवं होतं.’

म्हणून बायांनो, ऐका. खाली असलेली वार बहुतेकींची वर सरकते, हे खरं. पण आधी सीझर झालं असेल तर तेवढ्यावर विसंबू नका. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात वार तोंडावर असलेल्या बायकांपैकी आधी एक सीझर झालेल्यांत शंभरात 11 जणींची, दोन झालेल्यांत 40 जणींची वार चिकटलेली निघाली. थेट विचारा, ‘वार टाक्यांवर आहे का? डॉप्लर करायचं का?’ रक्तपेढी आणि लहान बाळांचा अतिदक्षता विभाग जिथे आहे तिथेच नाव नोंदवा. रक्त देणारे चार नातेवाईक आधीच ठरवा. न दुखता रक्त गेलं तरी सकाळची वाट बघू नका. मुहूर्त काढून सीझरचा हट्ट धरू नका, पुढच्या खेपेला तोच व्रण आडवा येतो.

पिशवी गेल्याचं दुःख हळूहळू ओसरेल. ‘वाचायला हवं होतं’ हे शब्द मात्र विसरणार नाही. तुम्ही वाचा. इंग्रजी येत नसेल तर खुर्चीवरून उठू नका, शेवटची ओळसुद्धा मराठीत सांगायला लावा.