कोवळे खांदे आणि संघाची उभारणी
(द्वितीय वर्ष, कला)

हॉकी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हिरवे मैदान, मेजर ध्यानचंद आणि पुण्याच्या खडकीतून पुढे आलेले धनराज पिल्ले उभे राहतात. उत्तर अमेरिकेत मात्र हॉकी म्हणजे बर्फावरची हॉकी. गोलरक्षक धरून प्रत्येक बाजूचे सहा खेळाडू पायांत पात्यांचे बूट घालून बर्फावर धावतात आणि चेंडूऐवजी रबराच्या चपट्या चकतीने खेळतात. १९१७ साली स्थापन झालेली 'नॅशनल हॉकी लीग' ही या खेळातील सर्वांत मोठी व्यावसायिक स्पर्धा असून तिच्या विजेत्या संघास 'स्टॅनले कप' मिळतो.

हा खेळ मी प्रत्यक्ष पाहिलेला नाही. मोबाईलवर पाहिला आणि मग त्याविषयी मिळेल ते वाचले. वाचताना एक प्रश्न मनात घर करून बसला. सतत हरणारा संघ तरुण खेळाडूंच्या बळावर उभा करता येतो काय? आणि येत असेल, तर त्यासाठी त्या तरुणांना काय द्यावे लागते? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा दोन संघांच्या आधारे विचार करावयाचा आहे.

हरणाऱ्याला पहिली निवड

या लीगमध्ये नव्या खेळाडूंची दरवर्षी निवड होते. तिला 'ड्राफ्ट' म्हणतात. आदल्या हंगामात जो संघ तळाला राहिला त्याला आधी निवड करता यावी, हे तिचे मूळ तत्त्व. बलवान संघांनीच सर्व गुणी मुले घेऊ नयेत, हा त्यामागील हेतू होय. परंतु मुद्दाम हरण्याचा मोह कोणास होऊ नये म्हणून १९९५ पासून पहिल्या क्रमांकांसाठी सोडत काढली जाते.

वरवर पाहता हा मार्ग सोपा वाटतो. हरावे, चांगली मुले निवडावीत आणि जिंकावे! प्रत्यक्षात तसे घडत नाही. निवडलेला मुलगा अठरा-एकोणीस वर्षांचा असतो. त्याला पिकण्यास काही वर्षे लागतात आणि तेवढा काळ प्रेक्षक, मालक व वृत्तपत्रे थांबावयास तयार नसतात.

आयलँडर्सची कथा

१९७२ साली न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर 'न्यूयॉर्क आयलँडर्स' हा नवा संघ स्थापन झाला. १९७२-७३ च्या पहिल्या हंगामात ७८ सामन्यांपैकी तो केवळ १२ जिंकला, ६० हरला आणि ६ बरोबरीत सुटले. संघाचे व्यवस्थापक बिल टोरी यांच्या हाती आता १९७३ च्या ड्राफ्टमधील पहिली निवड होती आणि डेनिस पॉटव्हिन हा एकोणीस वर्षांचा बचावपटू सर्वांच्या नजरेत होता. बलाढ्य मॉन्ट्रियल संघाने त्या निवडीच्या बदल्यात तयार खेळाडू देऊ केले. हे खेळाडू घेतले असते तर दुसऱ्याच वर्षी चार सामने अधिक जिंकता आले असते. टोरी यांनी नकार दिला आणि पॉटव्हिनला निवडले. त्याआधीच, मार्च १९७३ मध्ये, त्यांनी डेनिसचा थोरला भाऊ जाँ पॉटव्हिन यालाही संघात आणून ठेवले होते.

त्याच वर्षी अल आर्बर हे प्रशिक्षक म्हणून आले. खेळाडू असताना ते चष्मा लावून खेळत. त्यांच्या पहिल्या हंगामात संघ ५६ गुणांवर आला, तर दुसऱ्या हंगामात ८८ गुणांवर. १९७४ मध्ये सतरा वर्षांच्या ब्रायन ट्रॉटिएची निवड झाली, पण त्याला लगेच मैदानात ढकलले नाही. आणखी एक वर्ष त्याला कनिष्ठ गटात खेळू दिले. १९७५-७६ मध्ये तो आला आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित ठरला. १९७७ मध्ये चौदा नावे पुकारून झाल्यावर टोरी यांनी माइक बॉसीला घेतले. तो गोल करतो पण बचाव करीत नाही, असा त्याच्यावर आक्षेप होता. बचाव शिकविता येतो, गोल करण्याची देणगी शिकविता येत नाही, असे आर्बर यांचे मत पडले. बॉसीने पहिल्याच हंगामात ५३ गोल केले.

तरीही कप मिळाला नाही. १९७८ मध्ये टोरांटोने आणि १९७९ मध्ये शेजारच्या रेंजर्सने त्यांना बाहेर काढले. १९७९ चा पराभव तर साखळीत सर्वाधिक गुण मिळविल्यानंतरचा होता. अशा वेळी प्रशिक्षकाला घालविणे हा सर्वांत सोपा उपाय. टोरी यांनी तो केला नाही.

१० मार्च १९८० रोजी त्यांनी लॉस एंजेलिसकडून तीस वर्षांचा अनुभवी बुच गोरिंग आणला. त्यानंतरचे साखळीतील बारा सामने संघ हरला नाही. २४ मे १९८० रोजी जादा वेळेत बॉब नायस्ट्रमने फिलाडेल्फियाविरुद्ध गोल केला आणि कप लाँग आयलंडवर आला. पुढे १९८१, १९८२ आणि १९८३ असा तो सलग चार वर्षे तेथेच राहिला.

उलट बाजू

आता दुसरे उदाहरण पाहू. कॅनडातील एडमंटन ऑयलर्स हा १९८४ ते १९९० या काळात पाच वेळा कप जिंकलेला संघ. पुढे तो घसरला. २०१०, २०११ आणि २०१२ अशी सलग तीन वर्षे पहिली निवड त्याच्याच वाट्याला आली. टेलर हॉल, रायन न्यूजंट-हॉपकिन्स आणि नेल याकुपोव्ह हे तिघे आले. म्हणजे गुणी मुलांची कमतरता नव्हती. तरी २००७ ते २०१६ या सलग दहा हंगामांत संघ बाद फेरीपर्यंत पोहोचला नाही.

असे का व्हावे? २०१० ते २०१५ या काळात या मुलांना रेनी, क्रूगर, ईकिन्स, नेल्सन आणि मॅक्लेलन असे पाच प्रशिक्षक लाभले. एकाने शिकविलेले पचण्याआधी दुसरा येई. कोवळ्या मुलांना सावरून धरील अशी भक्कम बचावफळीही त्यांच्यामागे नव्हती. २०१६ मध्ये हॉल आणि याकुपोव्ह दोघेही दुसऱ्या संघांत गेले. तोच हॉल २०१७-१८ च्या हंगामात न्यू जर्सीकडून खेळताना लीगचा सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला! म्हणजे उणीव मुलात नव्हती. एडमंटनला २०१५ मध्ये कॉनर मॅकडेव्हिड मिळाला, तरी अंतिम फेरी गाठावयास २०२४ उजाडले. २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी तेथे फ्लोरिडाने त्यांना हरविले.

निष्कर्ष

यावरून असे दिसते की, तरुणांची निवड हा उभारणीचा आरंभ आहे, उभारणी नव्हे. एक स्थिर गुरू, जवळपास वडीलधारे सोबती आणि पराभवाच्या काळात न डगमगणारा व्यवस्थापक या तीन गोष्टी नसतील, तर गुणही वाया जातो.

माझे वडील गवंडी आहेत. स्लॅब टाकल्यावर वरून पाणी मारीत राहावे आणि खालचे टेकू घाईने काढू नयेत, हे मी सुटीत त्यांच्या हाताखाली शिकलो. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. प्रथम वर्षाच्या पहिल्या सत्रात मी इंग्रजीत नापास झालो, तेव्हा नातेवाईक म्हणाले, "कामाला लावा त्याला." वडील एवढेच म्हणाले, "स्लॅब अजून ओला आहे. एवढ्यात टेकू काढायचा नाही." पुढे तृतीय वर्षाच्या एका विद्यार्थ्याने रोज संध्याकाळी माझा इंग्रजीचा अभ्यास घेतला आणि मी पास झालो.

एक गोष्ट मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही. गोरिंगच्या बदल्यात आयलँडर्सने डेव्ह लुईस आणि बिली हॅरिस यांना दिले. हॅरिस हा १९७२ मधील, म्हणजे संघाने ड्राफ्टमध्ये केलेली अगदी पहिली निवड. साठ पराभवांचा पहिला हंगाम त्याने खेळून काढला होता. कप आला तेव्हा तो संघात नव्हता आणि पुढेही त्याला तो कधी मिळाला नाही. हे वाचताना मला माझा थोरला भाऊ आठवला. दहावीनंतर शाळा सोडून तो वडिलांबरोबर कामावर जाऊ लागला, म्हणून माझी फी भरली जाते. टोरी यांचा निर्णय खेळाच्या हिशेबाने बरोबर ठरला, हे मी अभ्यासक म्हणून मान्य करतो. पण उभारणीची किंमत कोणी दिली, हे विचारल्याशिवाय हा अभ्यास पुरा होत नाही. पदवी हाती येईल तेव्हा ती आधी कोणाच्या हातात ठेवावयाची, हे मी आजच ठरवून ठेवले आहे.